पहिली गाडी किती ताकदीची?

दर उन्हाळ्यात सुट्टी सुरू होते त्या दिवशी मुलांना न्यायला आलेल्या पालकांच्या गाड्या आमच्या एमटी शेडसमोर लागतात. शाळा महाराष्ट्रापासून लांब, त्यामुळे मराठी बोलणारा माणूस भेटला की दोन शब्द जास्तच बोलले जातात. त्यात मी ड्रायव्हिंगचा उस्ताद. बारावी झालेल्या मुलांचे वडील हमखास एकच प्रश्न विचारतात : "उस्ताद, पोरगं अठरा वर्षांचं झालं. आता लायसन्स काढायचं. गाडी कुठली घेऊ?"

माझे उत्तर ठरलेले आहे. "घरात तुमची जुनी शंभर सीसीची असेल ना? तीच द्या. नवी दोन वर्षांनी घ्या."

वडिलांचा चेहरा उतरतो. मुलगा तर माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याला मैदानाच्या आणखी दहा फेऱ्या मारायला सांगितल्या आहेत. गेल्या वर्षी एका मुलाच्या आईने मात्र मागे उभे राहून मला हात जोडले.

उभ्या उभ्या दिलेल्या सल्ल्याची कारणे सांगायला वेळ मिळत नाही. ती आज या मराठी पानावर सांगतो. माझे म्हणणे थोडक्यात असे : नव्या चालकाच्या हाती किती ताकदीची गाडी द्यायची, याला आपल्या देशात कायद्याने मर्यादा हवी. आणि ती येईपर्यंत प्रत्येक घराने ती स्वतः घालून घ्यावी.

आधी आजचा कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की शिकाऊ परवाना काढता येतो. त्याची मुदत सहा महिने, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्यासाठी चाचणी देता येते. शिकत असताना गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावावा लागतो. कार असेल तर शेजारी परवानाधारक माणूस हवा. मोटारसायकल असेल तर शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाला मागे बसवायचे नाही. इथपर्यंत सगळे शहाणपणाचे आहे.

पुढे मात्र कायदा एकदम हात सोडून देतो. परवान्यावर मोटारसायकलचे मुख्य प्रकार दोनच, गियरची आणि बिनगियरची. मुलगा वडिलांच्या शंभर सीसीच्या गाडीवर आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढतो, पाय टेकत नाही, पास होतो. त्याच परवान्यावर दुसऱ्या दिवशी तो हजार सीसीची स्पोर्ट्स बाइकही कायदेशीरपणे चालवू शकतो. शंभर सीसीच्या साध्या गाडीची ताकद सुमारे आठ अश्वशक्ती. हजार सीसीच्या स्पोर्ट्स बाइकची दीडशेच्या वर, काहींची दोनशेच्या घरात. म्हणजे एका रात्रीत वीसपट ताकद, आणि मधे एकही परीक्षा नाही. कारचेही तसेच. छोट्या कारवर चाचणी दिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी कितीही ताकदीची कार घेऊन महामार्गावर जाऊ शकतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला जे घडले, ते बहुतेक वाचकांना आठवत असेल. महागड्या, प्रचंड ताकदीच्या कारने एका मोटारसायकलला धडक दिली आणि दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले. कार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. देशभर चर्चा झाली ती वयाची, दारूची आणि त्या तीनशे शब्दांच्या निबंधाची. ती व्हायलाच हवी होती. पण एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. तोच मुलगा अठरा वर्षांचा असता, शुद्धीत असता आणि त्याच्या खिशात महिन्याभरापूर्वीचा परवाना असता, तर ती कार त्याच्या हातात देण्यात कायद्याला काहीच गैर वाटले नसते.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगणे मला जड जाते, पण ती टाळून हा लेख लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा एनडीएची लेखी परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात पास झाला. घरात फौजेत गेलेला मी एकटाच, आणि मी जवान म्हणून भरती झालेलो. पुतण्या अधिकारी होणार, या आनंदात मी गावी पैसे पाठवले. भावाने त्यात भर घालून दोनशे सीसीची गाडी घेतली. पोराने चाचणी भावाच्या शंभर सीसीच्या गाडीवर दिली होती. नवी गाडी तिच्या तिप्पट ताकदीची होती. गाडी शिकवणे हे माझे काम, तरी मला तेव्हा हे सुचले नाही. हौस आली की अक्कल बाजूला बसते.

परवाना हातात येऊन तीन आठवडे झाले होते. उसाचा हंगाम होता. संध्याकाळी मित्राला मागे बसवून तो तालुक्याहून परत येत होता. पुढे उसाने भरलेली ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. हेल्मेट होते म्हणून जीव वाचला. मित्राचा हात मोडला. याच्या उजव्या मांडीचे हाड मोडले आणि त्यात रॉड घालावा लागला. एसएसबीच्या मुलाखतीची तारीख तो हॉस्पिटलात असतानाच निघून गेली. पुढे वयाची मर्यादाही ओलांडली.

पंचनाम्यात दोष ट्रॉलीचा लिहिला गेला आणि तो खोटा नाही. पण मी सुट्टी काढून गेलो तेव्हा पोराने मला जे सांगितले, ते पंचनाम्यात नाही. "काका, ट्रॉली दिसली होती मला. ब्रेक पण मारला. पण एवढ्यात तिथं पोचेन असं वाटलंच नाही."

गेली अनेक वर्षे मी ड्रायव्हिंग शिकवतो आहे. नवशिक्याच्या अपघाताचे इतके नेमके वर्णन मी दुसरे ऐकलेले नाही. त्याचा अंदाज शंभर सीसीच्या गाडीवर तयार झालेला होता. किती मूठ पिळली की गाडी किती पुढे जाते, हे त्याच्या हाताला त्या गाडीने शिकवले होते. नव्या गाडीवर हात तोच राहिला, हिशेब मात्र बदलला.

हा हिशेब आठवीच्या मुलालाही समजेल असा आहे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. ताशी ८० म्हणजे सुमारे २२ मीटर. अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो असे धरा. तेवढ्यात पहिली गाडी ११ मीटर गेली, दुसरी २२. त्यानंतर ब्रेक लागून थांबायचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर अंतर चौपट. कमी ताकदीच्या गाडीला ४० वरून ८० ला जायला वेळ लागतो, आणि त्या वेळात कान, डोळे आणि भीती आपापले काम करतात. जास्त ताकदीची गाडी तोच टप्पा काही सेकंदांत पार करते. ताकद जितकी जास्त, तितका चूक लक्षात यायला आणि सुधारायला वेळ कमी. अनुभवी चालक चुका कमी करतो, म्हणून त्याला कमी वेळ पुरतो. नवशिका चुका करूनच शिकतो. त्याला तो वेळ लागतो.

फौजेत हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही, कारण तिथे सगळी ताकद पायरीपायरीने हातात येते. एनसीसीच्या कॅडेटला आधी पॉइंट टू टू रायफल मिळते. घोडेस्वारी शिकणाऱ्याला रायडिंग स्कूलमधला सर्वांत शांत घोडा देतात. मी गाडी शिकलो तेव्हा सुरुवातीचे काही दिवस गाडी जागची हललीच नाही. क्लच, गियर, आरसे, इंजिन बंद. मग मैदान, मग रिकामा रस्ता, मग रहदारी, मग रात्र, मग घाट. छोट्या गाडीनंतर अडीच टनी, तिच्यानंतर मोठा ट्रक, आधी रिकामा आणि मग भरलेला. काफिल्यातून झोजिलाच्या बाजूला गाडी न्यायची पाळी आली तेव्हा मधली एकही पायरी सुटलेली नव्हती. त्या काळी मला ते सगळे कंटाळवाणे वाटायचे. नंतर बर्फात गाडी घसरली, तेव्हा हाताने जे करायचे ते आपोआप केले. त्या दिवशी कंटाळ्याची किंमत कळली.

मधली पायरी नसली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या हवाई दलाच्या इतिहासात आहे. अनेक वर्षे आपल्या तरुण वैमानिकांना किरणसारख्या सावकाश प्रशिक्षण विमानावरून जवळजवळ थेट मिग-२१ वर जावे लागे. मिग-२१ ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे आणि उतरतानाही ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेग ठेवावा लागणारे विमान. अपघातांची कारणे अनेक होती, पण प्रशिक्षणातली ही दरी त्यांत ठळक होती. एअर मार्शल ला फोंतेन यांच्या समितीने १९८२ मध्येच सांगितले, की मधे प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे. त्या विमानांचा करार व्हायला २००४ उजाडले. हॉक विमाने बिदरच्या तळावर हवाई दलात दाखल झाली ती फेब्रुवारी २००८ मध्ये. पायरी लागते हे कळण्यात आणि ती बसवण्यात सव्वीस वर्षे गेली.

मोटारसायकलवर बसणारा मुलगा वैमानिक नाही, हे मान्य. वैमानिकाची निवड होते, वैद्यकीय तपासणी होते, डोक्यावर प्रशिक्षक असतो. इतके सगळे असूनही त्याला मधली पायरी लागली. मग काहीच नसलेल्या आपल्या मुलाला ती लागणार नाही, असे कसे म्हणायचे?

इतर देशांनी रस्त्यावर ही पायरी बसवली आहे. युरोपात २०१३ पासून मोटारसायकलचे परवाने टप्प्याटप्प्याचे आहेत. पहिला टप्पा १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत, शिवाय वजनाच्या मानाने किलोला ०.१ किलोवॅटहून अधिक ताकद नको. दुसरा टप्पा ३५ किलोवॅटपर्यंत. दुसऱ्या टप्प्यावर दोन वर्षे काढली की मगच सर्वांत मोठी गाडी. थेट मोठ्या गाडीची परीक्षा द्यायची तर साधारणपणे वय चोवीस लागते. सिंगापूरमध्ये आधी २०० सीसीपर्यंत, एका वर्षाने ४०० पर्यंत, आणखी एका वर्षाने त्यापुढे. जपानमध्ये मोटारसायकलचा परवाना मिळून एक वर्ष होईपर्यंत मागे कुणाला बसवता येत नाही. ज्या देशाने जगाला मोठ्या मोटारसायकली दिल्या, त्या देशाचा हा नियम आहे.

कारलाही असे नियम आहेत. ज्यांचे नातेवाईक सिडनीला किंवा मेलबर्नला असतील त्यांनी विचारून पाहावे. तिथे नव्या चालकाच्या गाडीवर आधी लाल आणि नंतर हिरवा 'पी' लावतात. त्या काळात वजनाच्या प्रत्येक टनामागे १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची कार चालवायला मनाई असते. इटलीतही नव्या चालकांच्या कारवर अशी मर्यादा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी ताकदीचा आकडा थोडा सैल केला, पण बंधनाची मुदत एका वर्षाची तीन वर्षे केली. न्यूझीलंडने १९८७ पासून परवानाच टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली आणि नव्या चालकांच्या रात्रीच्या फेऱ्यांवर आणि सोबत्यांवरही बंधने घातली.

आता आपल्या जवळची गोष्ट. केटीएमची १२५ सीसीची मोटारसायकल पुण्याजवळ चाकणला बनते. तिची ताकद ११ किलोवॅटच्या आसपास, कारण ती युरोपातल्या नवशिक्यांच्या पहिल्या टप्प्यासाठीच आखलेली. २०११ पासून ती चाकणहून परदेशी जात होती. भारतात विकायला आली ती २०१८ मध्ये. मधल्या काळात इथे त्याच घराण्यातल्या फक्त मोठ्या गाड्या मिळत होत्या. चाकणचा कामगार परक्या देशातल्या पोरांसाठी नवशिक्याची गाडी जोडत होता आणि त्याच्या स्वतःच्या पोरासाठी शोरूममध्ये पहिली पायरीच नव्हती. यात कंपनीचा दोष नाही. तिथल्या कायद्याने पायरी मागितली, म्हणून ती बनली. आपल्या कायद्याने मागितलीच नाही.

खरे तर आपल्या कायद्यात एक पायरी होती आणि कागदावर अजून आहे. ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल सोळाव्या वर्षी चालवता येते. माझ्या पिढीला हे आठवेल. कायनेटिकची लूना १९७२ मध्ये आली आणि गावोगावच्या कितीतरी लोकांनी आयुष्यातली पहिली मोटारगाडी म्हणून तीच चालवली. चढावर पायडल मारावे लागे, पण रस्ता म्हणजे काय हे तिने शिकवले. आज ५० सीसीची नवी पेट्रोल गाडी बाजारात जवळजवळ मिळतच नाही. कायद्यात पायरी आहे, जिन्यात तिचा दगड नाही. मग सोळा वर्षांचे पोर काय करते? वडिलांची १२५ ची स्कूटर काढते. वडील म्हणतात, कोपऱ्यावरच जातोय. त्या वडिलांनी २०१९ च्या दुरुस्तीत आलेले कलम १९९-अ वाचावे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

माझ्या म्हणण्यावर नेहमी चार हरकती घेतल्या जातात.

पहिली : "ताकदीने नाही, वेगाने माणूस मरतो. शंभर सीसीची गाडीही ऐंशीने पळते." खरे आहे. म्हणूनच ताकदीची मर्यादा एकटी पुरणार नाही. रात्र आणि मागचा सोबती यांवरही पहिल्या काही महिन्यांत बंधन हवे. पण शंभरची गाडी ऐंशीला पोचेपर्यंत ओरडून सांगते, थरथरते. मोठी गाडी काहीच न सांगता पोचवते.

दुसरी : "गरिबाच्या घरात एकच गाडी. पोराने काय चालत जायचे?" ही हरकत सर्वांत महत्त्वाची, म्हणून आकडा विचारपूर्वक ठरवावा लागेल. युरोपचीच ११ किलोवॅटची मर्यादा घेतली तर आपल्याकडच्या १०० पासून १२५ सीसीपर्यंतच्या रोजच्या वापराच्या गाड्या तिच्यात आरामात बसतात. शेतकरी, दूधवाला, कॉलेजचा मुलगा, डबे पोचवणारा, कुणाचेच काम अडत नाही. कारसाठी ऑस्ट्रेलियाचा आकडा घेतला तर आपल्या साध्या कौटुंबिक गाड्या त्याच्या खूप खाली राहतात. अडतात फक्त त्या गाड्या, ज्या कामासाठी नव्हे, हौसेसाठी घेतल्या जातात.

तिसरी हरकत आमच्या कॅडेट मुलांची : "उस्ताद, अठराव्या वर्षी मत देतो, एनडीएत जातो. मग गाडीलाच बंदी का?" बाळांनो, एनडीएत गेल्यावर तीन वर्षे खडकवासल्याला आणि सेनेत जायचे तर आणखी एक वर्ष डेहराडूनला. इतके झाल्यावर खांद्यावर तारा येतो. पहिल्या दिवशी तुमच्या हातात कुणी पलटण देत नाही आणि त्यात तुम्हाला अपमानही वाटत नाही.

चौथी : "नियम केला तरी पाळणार कोण?" परवाने आणि गाड्यांची नोंदणी दोन्ही आता सरकारी संगणकावर आहेत. परवाना कधी मिळाला आणि गाडी किती ताकदीची, हे चौकातल्या हवालदाराला मोबाइलवर दिसू शकते. सगळे पाळणार नाहीत, हे मलाही कळते. हेल्मेटही सगळे घालत नाहीत. तरी त्या नियमामुळे माझा पुतण्या आज जिवंत आहे.

एक गोष्ट आणखी. मर्यादा सीसीत न घालता किलोवॅटमध्ये आणि वजनाच्या प्रमाणात घालायला हवी. इलेक्ट्रिक गाडीला सीसी नसते, आणि मूठ पिळताच तिची ओढ लगेच लागते. १९८८ चा हिशेब तिला लागू पडत नाही.

ज्यांना हे सगळे अवाजवी वाटते त्यांच्यासाठी एकच सरकारी आकडा देतो. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. वर्षाला पाऊण लाख. स्वातंत्र्यानंतरच्या कुठल्याही एका युद्धात आपण इतके सैनिक गमावलेले नाहीत.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. हॉकला सव्वीस वर्षे लागली, याला किती लागतील सांगता येत नाही. तोवर पालकांनी घरात एवढे करावे. परवाना मिळाल्यापासून दोन वर्षे मुलाला घरातली सर्वांत कमी ताकदीची गाडी द्यावी. पहिले सहा महिने अंधार पडल्यावर एकट्याने गाडी नको आणि मागे मित्र नको. परीक्षा पास झाल्याचे, निवड झाल्याचे बक्षीस म्हणून मोटारसायकल देऊ नये. बक्षीस आनंदात मिळते आणि आनंदात माणूस जपून चालवत नाही.

कॅडेट मुलांना वेगळे सांगायचे आहे, कारण तुमचा धोका घरातल्या गाडीपेक्षा दोस्ताच्या गाडीत जास्त आहे. सुट्टीत कुणीतरी नवी गाडी आणतो आणि म्हणतो, "घे, एक राउंड मार." एमटीत कितीही जुना ड्रायव्हर असला तरी ज्या गाडीवर त्याची चाचणी झालेली नाही तिची चावी त्याला मिळत नाही. हाच नियम स्वतःला लावा. "मी या गाडीवर शिकलेलो नाही" हे वाक्य बोलायला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. ते चारचौघांत बोलता आले तर ती हिंमत पुढे फौजेतही उपयोगी पडेल.

माझा पुतण्या आता शेतकी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. थोडा लंगडतो, पण हसतमुख आहे. त्याने मला कधी दोष दिला नाही, हे मला जास्त लागते. यंदा त्याची धाकटी बहीण अठरा वर्षांची झाली. भावाने गाडीचे विचारायला मला फोन केला, तर फोन त्यानेच हातातून घेतला. "काका, तुम्ही पैसे पाठवू नका. पप्पांची शंभरची सर्व्हिसिंग करून ठेवलीय मी तिच्यासाठी."

या उन्हाळ्यातही मी शेडजवळ असेन. मुलांना न्यायला याल तेव्हा जरूर विचारा. उत्तर तेच मिळेल.